देवगिरीची अंधारी, वेरूळ, पाणचक्की : गाइड घेऊन एका दिवसात होईल का?

फिरस्ती_मी
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर संभाजीनगरला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७२, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. मुलाने यूट्यूबवर कायकाय बघून ठेवलंय, कैलास लेण्याखाली म्हणे अख्खं शहर आहे आणि दौलताबादच्या, म्हणजे देवगिरी किल्ल्याच्या, अंधारी नावाच्या भुयारातून शत्रू जिवंत बाहेर यायचाच नाही वगैरे, त्यामुळे त्याला "जमिनीखालचं" सगळं बघायचंय, बाकी मकबरा-बिकबरा काही नको. हॉटेलवाला एका दिवसाची गाडी अधिक गाइड असं देतोय, सकाळी साडेआठला निघून दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि साडेसातला परत. मला यादी वाचूनच धाप लागली. आणि गाइड घ्यावा की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत, नवरा म्हणतो गाइड म्हणजे पैसे मोजून थापा ऐकणं. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

पैठणगेट
ताई, आमच्या गावात स्वागत आहे. सहा ठिकाणं एका दिवसात "होतात" हो, ड्रायव्हर लोक रोज करतात, पण तुम्ही दारात उतरून फोटो काढून परत गाडीत बसणार असाल तरच. आधी कट मारा. मकबरा काढा, तो शहरातच आहे, दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेआधी उरकता येतो. किल्ला सगळ्यात आधी आणि शक्य तेवढ्या लवकर, साडेआठला हॉटेलमधून निघालात तर उन्हं वर आल्यावर चढणार, त्यापेक्षा सातला निघा, नाश्ता बांधून घ्या. दौलताबाद शहरापासून १५ किमी, वेरूळ ३० च्या आसपास, म्हणजे रस्ता काहीच नाही, वेळ सगळा पायाखाली जातो. वेरूळ दुपारनंतर ठेवा कारण लेण्यांची तोंडं पश्चिमेकडं आहेत, सकाळी आत नुसता अंधार असतो, तीननंतर ऊन थेट आत येतं. पाणचक्की संध्याकाळी येताना. आणि मंगळवार टाळा, वेरूळ मंगळवारी बंद असतं, गेटवरून परत जाणारी माणसं दर आठवड्याला दिसतात आम्हाला.

गाइड घ्या. पण हॉटेलवाल्याचा नको, साइटवर पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेले मिळतात, आधी कार्ड बघा, पैसे ठरवा, मग निघा.

कटकट्या
तुमच्या मिस्टरांना माझं पूर्ण अनुमोदन कळवा. मी गेलो तेव्हा जो प्राणी मिळाला होता त्याने सुरुवातच "ये किला आजतक कोई जीत नहीं पाया" अशी केली, मी म्हटलं अहो मग तिथे खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल सगळे काय पिकनिकला आले होते का. पुढे खंदकात शेकडो मगरी, पूल चामड्याचा होता आणि तो रात्री गुंडाळून ठेवायचे, तोफ गरागरा फिरवून मारायचे पण खाली खंदकात पाडायची अक्कल कोणाला नव्हती म्हणे, असं एकामागून एक. चिनी महालापाशी तर म्हणाला की इथे चिनी लोक राहायचे!! तिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता, १६८७ ला औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला त्यानंतर, आणि चिनी म्हणतात ते भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे, त्यातल्या थोड्या अजून चिकटलेल्या दिसतात. एवढं सांगायला काय जातं. पुस्तक वाचून जा, पैसे वाचवा, त्यात सीताफळं घ्या.

जुनाजाणता
कटकट्याशेठ, चिनी लोकांचं मान्य, ते अक्षम्य आहे. पण सगळ्या दंतकथा एका मापाने झोडपू नका. गाइड जे सांगतात त्यातलं बरंचसं त्यांच्या आजोबांनी रचलेलं नाही, शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलंय.

मिठाच्या पोत्यांची गोष्ट घ्या. १२९६ ला अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, इथल्या यादव राजाचं, रामदेवरायाचं, सैन्य मुलाबरोबर बाहेर होतं, घाईघाईत किल्ल्यात पोती भरली, वेढा पडल्यावर फोडली तर धान्याऐवजी मीठ निघालं आणि तह करावा लागला. हे फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिलंय. आता फिरिश्ता त्या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहितोय, तेव्हा तो तरी कोणाचं ऐकून लिहीत होता हा प्रश्न उरतोच, पण गाइडने काल बनवलेली गोष्ट नव्हे.

तुघलकाचंही तसंच. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी इकडे हलवली, तेव्हा दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला फरफटत आणायचा हुकूम झाला आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, ही इब्न बतूता या प्रवाशाची गोष्ट. तो स्वतः दौलताबादला येऊन गेलाय. इथल्या तुरुंगात मांजरीपेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरं त्यांना घाबरून पळतात असंही लिहितो. गाइडला सांगा हे, आवडेल त्याला.

"अजिंक्य" मात्र खरंच बंद करायला हवं. १३४७ ला बहमनी राज्याची सुरुवातच इथल्या बंडातून झाली, १६३३ ला मोगलांच्या महाबतखानाने निजामशाहीकडून घेतला, आणि १७६० ला उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून आपल्याकडे, म्हणजे पेशव्यांकडे आला. बहुतेक वेळा भुकेने, फितुरीने नाहीतर तहाने पडला, सरळ चढून कोणी घेतला असं सहसा झालं नाही, त्यातून ते "अजिंक्य" आलं असावं.

फिरस्ती_मी
वा, भरपूर मिळालं. जुनाजाणता, उंदरांची गोष्ट मुलाला सांगितली, तो आता किल्ल्यात उंदीर शोधणार आहे, धन्यवाद (?). पण मुख्य प्रश्न राहिलाच, ती अंधारी नक्की कशी आहे? सासूबाईंना नेता येईल का? मला स्वतःला बंद जागेत थोडं घाबरायला होतं.

मावशी_बोलतेय
अगं, सासूबाईंना अंधारीत नेऊ नकोस. पायऱ्या दगडात खोदलेल्या, एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, ओल असते, वटवाघळांची घाण असते, आणि वास... रुमाल घेऊन जा. बाजूने दुसऱ्या पायऱ्या केलेल्या आहेत, अंधारी टाळून वर जाता येतं, पण त्यांच्यासाठी तोही चढच. त्यांना खाली भारतमाता मंदिरापाशी बसव. ती जागा निवांत आहे, एवढे खांब आहेत की मोजता येत नाहीत, मूळची मशीद, खिलज्यांच्या काळातली, जुन्या देवळांचे खांब वापरून बांधलेली, हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली. त्याच्या अलीकडेच हत्ती हौद आहे, केवढा प्रचंड, बघूनच छाती दडपते.

आणि मला एक कळत नाही, एवढी चर्चा झाली पण कोणी जनार्दनस्वामींचं नावच घेतलं नाही! आमच्यासाठी देवगिरी म्हणजे आधी ते. किल्लेदार होते ना इथले, नाथ महाराज पैठणहून लहान वयात घर सोडून त्यांच्याकडे आले ते इथेच. हिशोबात एक पै लागत नव्हती आणि नाथ रात्रभर जागले, सापडल्यावर टाळी वाजवून हसले, ती गोष्ट शाळेत होती आम्हाला. ती रात्र याच किल्ल्यावरची. स्वामींची समाधी वर आहे, गुहेत. स्वामी समाधीत असताना शत्रू आला तर नाथांनीच त्यांचा पोशाख चढवून लढाई केली असंही सांगतात. गाइड यातलं काही सांगत नाही जोवर तुम्ही विचारत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना तोफच बघायची.

कटकट्या
मावशी, पैची गोष्ट मला अजून टोचते, आमचे पिताश्री दर महिनाअखेर ऐकवायचे.

नळदुरुस्त
(मी सिव्हिलवाला आहे, लांबलचक होईल, वैतागू नका.)

आधी मुलाच्या यूट्यूबचं बघू. कैलासाखाली शहर वगैरे काही नाही. व्हिडिओत जी "रहस्यमय भुयारं" दाखवतात त्या बहुतेक पाणी वाहून जायला खोदलेल्या मोऱ्या आणि चर असतात. विचार करा, तुम्ही डोंगरात वरून खाली खोदत गेलात तर प्रत्येक पावसाळ्यात तुमची साइट म्हणजे टाकी होणार, पाणी बाहेर काढायची सोय नसेल तर काम बंद. मागचा कडा ३० मीटरच्या वर उंच आहे आणि चौक जवळपास ८० मीटर लांब, तिथे मराठवाड्याचा कमी पाऊस म्हटला तरी किती पाणी साठेल. आणि दगड बेसॉल्ट, लाव्हाचे थरावर थर, त्यात पोकळ्या आणि भेगा असतातच, प्रत्येक भोक म्हणजे परग्रहावरच्यांचं काम नव्हे.

"हे माणसाला शक्यच नाही" म्हणणाऱ्यांना एक जुनी गंमत सांगायची. बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूटांचा ताम्रपट आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात कृष्णराजाने एलापूरला (म्हणजे वेरूळला) बांधलेल्या देवळाचं वर्णन करताना म्हटलंय की आकाशातून जाणारे देवसुद्धा थबकले, आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पकारच चकित झाला की हे मी केलं कसं. म्हणजे आश्चर्य आठव्या-नवव्या शतकातही वाटत होतंच, फक्त तेव्हा लोक श्रेय शिल्पकाराला देत होते.

वरून खाली का, याची दंतकथा मात्र झकास आहे आणि ती गाइडकडून जरूर ऐका. राणीने नवस केला, कळस दिसेपर्यंत जेवणार नाही. सगळे कारागीर म्हणाले वर्षं लागतील. मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने कळसापासूनच सुरुवात केली, आठवड्यात कळस दिसला, राणी जेवली. इंजिनिअर म्हणून सांगतो, वरून खोदण्याचा खरा फायदा म्हणजे परांची लागत नाही, उभं राहायला दगड पायाखाली असतोच.

आता माझ्या आवडीचा विषय, ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुम्हाला जमिनीखालचं बघायचंय ना, मग खरं जमिनीखालचं संभाजीनगर म्हणजे नहरी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० ला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, गाव वसवलं पण पाणी कुठून आणणार, तर त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं भूजल पकडून जमिनीखालून आणलं. नहर-ए-अंबरी. पुढे तशाच आणखी नहरी झाल्या, थत्ते नहर, पाणचक्कीची नहर. भाजक्या मातीचे खापरी नळ आणि दगड-चुन्याचे बोगदे, मध्येमध्ये उतरायला आणि साफ करायला विहिरीसारखी तोंडं, आणि काही ठिकाणी मनोरे, ज्यात पाणी चढून दाब आणि हवा मोकळी होते. पंप नाही, वीज नाही. पाणचक्कीला जी भिंत दिसते, जिच्यावरून पाणी धबधब्यासारखं पडतं, तिच्या माथ्यापर्यंत पाणी कोणी उचललेलं नाही. उगम डोंगरात उंचावर, मधला नळ बंद, त्यामुळे नळ खाली जाऊन परत वर आला तरी पाणी जवळपास उगमाच्या पातळीपर्यंत आपोआप चढतं. तिथून पडतं ते खालच्या पात्यांच्या चाकावर, चाकाच्या आसावरच जातं फिरतं, त्यावर दर्ग्यातल्या फकिरांचं आणि यात्रेकरूंचं पीठ निघायचं. बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा आहे तो. आणि समोर जो मोठा हौद दिसतो ना, त्याच्या तळाखाली एक दालन आहे, जाडजूड खांबांवर. म्हणजे हौदाचा तळ हेच त्या खोलीचं छप्पर. उन्हाळ्यात गारेगार. मुलाला तिथे न्या आणि वर बोट दाखवून सांगा डोक्यावर पाणी आहे.

पुणेकरांनो, तुमचं कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणारी नानासाहेब पेशव्यांची नळयोजना याच जातीची, उच्छ्वास (तेच हवा-दाब सोडणारे मनोरे) वगैरे सगळं, पण ती शंभरेक वर्षांनंतरची. मी फक्त सांगतोय, भांडत नाहीये.

सदाशिवपेठी
भांडत नाहीये म्हणून भांडण काढायची पद्धत आवडली. पण माहिती उत्तम, मलिक अंबर आमच्या डोक्यात फक्त भातवडीची लढाई आणि गनिमी कावा एवढाच होता.

न्यूजर्सीकर
अवांतर होतंय पण राहवत नाही. आम्ही मागे तुर्कस्तानात कप्पाडोशियाला अशीच एक दिवसाची गाइडेड टूर घेतली होती, डेरिंकुयू नावाचं जमिनीखालचं शहर, मजल्यांखाली मजले, जवळजवळ ८५ मीटर खोल, मऊ ज्वालामुखीय दगडात कोरलेलं. वाट एवढी अरुंद की वाकून एकामागोमाग एक, मध्येच गोल दगडी दारं, जात्याच्या तळीसारखी, आतून ढकलून वाट बंद करायची. हवेसाठी खोल उभी भोकं, तबेला, दारू गाळायची जागा, प्रार्थनेची जागा. लोक हल्ला आला की गुरंढोरं घेऊन आत जायचे.

वरचं वाचताना लक्षात आलं की देवगिरीची अंधारी याच्या अगदी उलट आहे. तिथे अंधारात स्वतः लपायचं, इथे शत्रूला अंधारात बोलवायचं. मी लहानपणी शाळेच्या सहलीला देवगिरी पाहिलाय, तेव्हा मशालवाला होता, टॉर्च नव्हे, खरी मशाल, धुराने डोळे चुरचुरायचे. अजून असतात का ते?

पैठणगेट
मशाल आता नाही, टॉर्च आणि मोबाइल. छताला काजळी दिसते ती त्या मशालींचीच. न्यूजर्सीकर, बरोबर बोललात. अंधारी म्हणजे खंदकानंतर वर जायची मूळची एकच वाट. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा केलाय, कुठूनच चढता येत नाही, मग त्या अंधाऱ्या वळणावळणाच्या वाटेतूनच जावं लागायचं. आत फाटे आहेत, एका फाट्याला समोर उजेड दिसतो, माणूस उजेडाकडं पळतो आणि थेट खंदकात. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, त्यावर निखारे पेटवून धूर आत सोडायची सोय. गाइड नसेल तर तुम्ही मोबाइलचा लाइट लावून पायाकडं बघत दोन-चार मिनिटांत बाहेर पडता, झालं. म्हणून म्हणतो, बाकी कुठं नको घेऊ गाइड, अंधारीत घ्या.

जुनाजाणता
याच्याशी शंभर टक्के सहमत. कैलासासमोर पुस्तक घेऊन उभं राहता येतं, अंधारीत पुस्तक दिसतच नाही.

रोखठोक
खुलताबादला कशाला जायचं? औरंगजेबाच्या कबरीवर? आपल्या लोकांना स्वाभिमान नाही का, आणि कैलास फोडायला त्याने हजार माणसं तीन वर्षं लावली होती हे विसरलात का सगळे?

जुनाजाणता
ते हजार माणसं, तीन वर्षं हे सगळ्या व्हिडिओत असतं, त्या काळातलं कागदपत्र मात्र एकही कोणी दाखवत नाही. त्याच्याच दरबारी इतिहासात वेरूळचं वर्णन बघण्यासारखी अद्भुत जागा म्हणून आलंय. त्याने पाडलेल्या देवळांची नोंद वेगळी आहे, भरपूर आहे, ती खरी आहे, तिच्यात नसलेली भर घालायची गरज नाही. आणि खुलताबादला फक्त तो नाही. ज्या मलिक अंबरने मोगलांना आयुष्यभर दक्खनेत पाय रोवू दिले नाहीत त्याची कबर तिथेच आहे, भद्रा मारुती तिथे आहे, निजाम घराण्याचा पहिला असफजाह तिथे आहे.

संपादक
कबरीचा विषय इथेच थांबवावा, त्यासाठी दुसरे धागे भरून वाहतायत. सहलीवर बोला.

खादाडखाऊ
बरं झालं. एवढे प्रतिसाद झाले आणि खाण्यावर कोणी चकार शब्द नाही, शोभतं का. दौलताबादच्या पायथ्याला दिवाळीच्या आसपास सीताफळं असतात, टोपलीने घ्या, पण डोळे उघडलेली आणि हाताला किंचित दबणारी, दगडासारखी घेतलीत तर मुंबईला जाऊन पिकतील. पेरू पण. शहरात संध्याकाळी नान खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा आणि तंदूरमधला पिवळसर जाड नान. म्हणतात की तुघलकाच्या फौजेसाठी एकदम हजारो लोकांचं जेवण करायचं म्हणून हा पदार्थ निघाला. खरं-खोटं कटकट्याशेठ बघतील, मी दुसरा नान मागवतो.

कटकट्या
नान खलियाच्या बाबतीत मी कुठलीही थाप खपवून घेतो.

फिरस्ती_मी
जाऊन आलो! उशिरा लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल रागावू नका.

पैठणगेट यांचा क्रम जसाच्या तसा पाळला. हॉटेलची टूर नाकारली, फक्त गाडी घेतली आणि किल्ल्याच्या गेटवर कार्डवाला गाइड. साठीचा माणूस, हळू बोलणारा, पायात साधी चप्पल. त्याने पहिल्याच दारापाशी "ये किला आजतक" म्हणून सुरुवात केली आणि माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस. मी म्हटलं काका, १७६० ला आपण घेतला होता ना? तो हसला, म्हणाला "पब्लिकला आवडतं हो मॅडम. तुम्हाला खरं सांगू का पब्लिकवालं सांगू?" आम्ही म्हटलं दोन्ही सांगा, फक्त कुठलं कुठलं ते सांगत जा. आणि त्याने खरंच तसं केलं, दिवसभर मुलगा विचारत होता, हे खरंवालं का पब्लिकवालं. मगरी पब्लिकवालं. तोफ, तिला मागे मेंढ्याचं तोंड आहे म्हणून मेंढा तोफ, ती खरीवाली, कोणी ओतली त्याचं नाव तिच्यावरच कोरलंय. मीठ, तो म्हणाला, "मधलं".

सासूबाई भारतमाता मंदिरात. आम्ही परत आलो तेव्हा तीन बायकांना जमवून त्यांची भजनं चालली होती, त्यांना किल्ला बघायचाच नव्हता असं नंतर कळलं, जनार्दनस्वामींचं दर्शन हवं होतं, ते वर, मग खालूनच डोंगराकडे तोंड करून नमस्कार केला.

अंधारी. मी आत जायचं नाही असं ठरवलं होतं आणि गेले. तोंडापाशी वाकून शिरलो, आत लगेच गारवा आणि तो वास, मावशी म्हणतात तसाच, रुमाल लावूनही नाकात बसतो. काकांनी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, आमच्या मागे एक कॉलेजचा ग्रुप होता त्यांनाही दरडावलं. एक हात भिंतीला, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर. मग स्वतःची टॉर्च बंद केली. डोळे उघडे का मिटलेले तेच कळत नव्हतं, वर कुठेतरी वटवाघळांची फडफड, आणि कोणी काही बोललं की आवाज नेमका कुठून आला तेही कळेना. मुलाला म्हणाले, "आता तू सैनिक, चल पुढे." तो दोन पायऱ्या चढला, तिसरी दुप्पट उंच, तिथे अडखळला. "ही मुद्दाम. धावायची सवय पायाला लागू द्यायची नाही." पुढे वळणावर एका बाजूला उजेडाची फट दिसली आणि तो न सांगता तिकडेच वळला, मीपण. काकांनी त्याचा खांदा धरला. तिथे आता अडवलंय, पण पलीकडे डोकावलं तर खाली सरळ खंदक. मुलाच्या तोंडून शब्द फुटेना, घरी आल्यापासून यूट्यूबवाल्याला नावं ठेवतोय की त्याने व्हिडिओत फुल लाइट लावला होता.

मला भीती वाटली का, तर हो, पण भीतीपेक्षा राग आला, ज्याने हे डोकं लढवलं असेल त्याचा.

वरच्या बारादरी महालापर्यंत गेलो नाही, वेळ आणि पाय दोन्ही संपले. घृष्णेश्वराला रांग होती, पुरुषांना गाभाऱ्यात सदरा-बनियन काढून जावं लागतं, नवऱ्याला आधी सांगितलं नव्हतं, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. वेरूळला साडेतीनला. कैलासाच्या चौकात ऊन तिरकं आलं होतं, हत्तींच्या पाठीवर. तिथे गाइड घेतला नाही, नळदुरुस्त यांचा प्रतिसाद प्रिंट करून नेला होता, तोच वाचला, खरंच. मुलाने मोऱ्या शोधल्या, सापडल्या. मग तो कड्याच्या वर जाऊन खाली बघायचा हट्ट धरून बसला, बाहेरून डावीकडून डोंगरावर चढून वरून बघितलं आणि ते खालून बघण्यापेक्षा भारी आहे, कोकस कुठे उभा राहिला असेल ते कळतं. दहावं लेणंही केलं, विश्वकर्मा, दगडात लाकडी छपराच्या फासळ्या कोरल्यात. बाकीची राहिली, ३४ आहेत, काय करणार.

पाणचक्कीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. हौदाखालच्या दालनात गेलो, छताला ओल होती, मुलाने जिथे पाणी झिरपलं होतं तिथे बोट लावून ते चाटलं. मी काही बोलले नाही.

नळदुरुस्त
प्रिंट!! फ्रेम करा.

मुलाला नहरींची गोडी लागली असेल तर पुढच्या सुट्टीत बऱ्हाणपूर. जळगाव-भुसावळहून जवळ, मध्य प्रदेशात. तिथला कुंडी भंडारा, १६१५ च्या आसपास, रहीम खानखानाच्या सुभेदारीत केलेला, सातपुड्यातलं झिरपणारं पाणी पकडून विहिरींच्या माळेतून जमिनीखालून गावात आणलंय. तिथे विहिरीत खाली उतरता येतं आणि बोगद्यातून वाहत्या पाण्यात चालता येतं, जायच्या आधी उतरायची सोय चालू आहे का ते विचारून घ्या.

मावशी_बोलतेय
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पुढच्या वेळी पैठण करा, नाथांचा वाडा, तिथे एक पायरी चढायची नाही.

रिकामटेकडा
सगळा धागा एका दमात वाचला. आमचं पण ठरतंय, पण आम्हाला अजिंठाही जोडायचंय, शनिवार-रविवार-सोमवार असे तीन दिवस आहेत. सोमवारी अजिंठा आणि रविवारी हे सगळं चालेल का?

पैठणगेट
सोमवारी अजिंठा बंद असतं. शनिवारी अजिंठा करा, ते शंभर किमीवर आहे, पहाटे निघा. रविवारी वेरूळला गर्दी मरणाची, त्यापेक्षा देवगिरी-वेरूळ सोमवारी घ्या आणि रविवारी शहर, मकबरा, पाणचक्की, नान खलिया. गाइड काकांचा नंबर विचारू नका, धाग्यावर देत नाही, गेटवर साधी चप्पल बघा.